फ्रेमबाहेरचे नऊ जण

१९ जुलै २०२५

ती. काकांना नूपुरचा नमस्कार.

निघताना तुम्ही म्हणालात, "बँडवाल्यांच्या मागे कॅमेरा घेऊन हिंडायचं असेल, तर मला फोन करू नकोस." ठीक आहे, फोन करत नाही. पत्र लिहू नकोस असं काही म्हणाला नव्हतात, म्हणून लिहिते. आपल्या फोटोच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर उघडा, अक्षर मोठं करा आणि अर्ध्यात बंद करू नका.

आम्ही उत्तर पोर्तुगालमधल्या एका गावात आहोत. नाव लिहीत नाही, कारण मलाच अजून नीट उच्चारता येत नाही. इथे उन्हाळ्यात गावोगावी जत्रा भरतात आणि जत्रेत बँड वाजतात. यंदा त्यात आपल्या कोराडीचा नवरंग बँड आहे, नऊ माणसांचा. चार आठवडे, आठ गावं. दौरा पुण्याच्या अमोलनं जमवलाय आणि फोटो काढायला मला त्यानंच नेमलंय. परत आल्यावर नागपुरात त्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं ठरलंय.

बँडमास्तरांचं नाव धम्मानंद. वय अठ्ठावन्न, ट्रम्पेट वाजवतात. विमान त्यांनी आजवर सोनेगाव विमानतळाच्या कुंपणाबाहेरूनच पाहिलेलं. माझ्या शेजारच्या सीटवर होते. पट्टा बांधून झाल्यावर म्हणाले, "ताई, चाळीस वर्सं झाले वाजवून राहिलो. पन वाजवतानाचा माहा एक बी फोटो नाही. एक काढून द्या."

मी म्हटलं, आता तर प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे.

"मोबाइलवर लोकं सोताचा नाच काढतेत. मी मांगं असतो, अर्धा."

फार वर्षांपूर्वी कुण्या फोटोवाल्या साहेबांनी एक काढला होता म्हणे, पण रोल खराब झाला. आणि घाई अशी की त्यांचे पुढचे दोन दात हलतायत. ट्रम्पेट दातांवर टेकतं. दात गेले की वाजवणं गेलं. हा सीझन निघेल, पुढचा नाही, असं त्यांनीच हसत सांगितलं. मला हसता आलं नाही.

म्हणून काका, मी इथे आलेय ती त्या एका फोटोसाठी असं समजा. सोबत पहिल्या दोन गावांचे चाळीस फोटो पाठवतेय. चुका काढा, तुम्हाला तेवढंच आवडतं.

नूपुर


२२ जुलै २०२५

चि. नूपुरला आशीर्वाद.

पत्र पूर्ण वाचलं. आषाढात दुकानात माशी फिरकत नाही, म्हणून वाचलं. त्याचा जास्त अर्थ काढू नकोस.

फोटो चांगले आहेत. हिरव्या झग्यातल्या म्हाताऱ्या बाई नवऱ्याला खुर्चीवरून ओढून नाचायला नेतायत, तो तर फारच छान. गच्चीवरून वाकलेले लोक, खांद्यावर बसलेल्या पोरी, सगळी वरात जिवंत पकडलीस. आणि मुख्य म्हणजे बँड कुठेही मध्ये आलेला नाही. दोन-तीन ठिकाणी कोपरं आणि एका ठिकाणी भोंगा आहे, तो छापताना कापता येईल. चौदा वर्षं माझ्या हाताखाली काढलीस ती फुकट गेली नाहीत.

तुला मी सांगितलंय, पण पुन्हा सांगतो. दुकान नवीन होतं तेव्हा धरमपेठेतल्या एका लग्नाचा अल्बम घेऊन वधूपित्याकडे गेलो. त्यांनी चार पानं उलटली आणि भर बैठकीत विचारलं, "वसंतराव, हे लग्न माझ्या मुलीचं की बँडवाल्यांचं?" तो अल्बम मला परत आणावा लागला. त्या दिवसापासून नियम केला, की बँड ऐकायचा, फ्रेममध्ये घ्यायचा नाही. त्या नियमावर सीताबर्डीत माझं नाव झालं आणि त्याच नावावर तुझंही चाललंय. त्यात कुणाचा अपमान नसतो, धंद्याची रीत असते.

तुझे ते धम्मानंद मला आठवत नाहीत. सीझनला साठ लग्नं काढणाऱ्यानं कुणाकुणाला लक्षात ठेवायचं. काकू विचारते, तिथे वरण-भात मिळतो का.

वसंतकाका


२६ जुलै २०२५

ती. काका,

तुमचं कौतुक वाचून माझं जेवण गेलं नाही. काकूला सांगा, वरण-भाताचा प्रश्न त्यामुळे सुटला.

मी ते चाळीस फोटो पुन्हा पाहिले. तुम्ही बरोबर बोललात आणि तेच वाईट झालं. धम्मानंद एकाही फोटोत नाहीत. चाळिसांपैकी एकातही नाहीत. ज्या माणसानं एक फोटो मागितला, त्याच्या सुरावर नाचणाऱ्या सगळ्या गावाचे मी काढले आणि त्याला नेमका कापला. मुद्दाम केलं असतं तर निदान भांडता आलं असतं. पण मी ठरवलंच नव्हतं, कॅमेरा आपोआप तिकडे वळला. ही तुमची शिकवण आहे काका. मी ती आता मोडणार आहे, आणि तुम्हाला विचारून नाही.

काल आम्हाला इथल्या गावाच्या बँडनं त्यांच्या घरी नेलं. हो, बँडचं स्वतःचं घर असतं इथे, दुमजली. आत भिंतीवर शंभर वर्षांचे वादक आहेत. दरवर्षीचा एक फोटो, प्रत्येकाच्या खाली त्याचं नाव आणि वाद्य. त्यांत न्हावी आहेत, सुतार आहेत, पोस्टमन आहेत. धम्मानंदांनी माझ्याकडून एकेक नाव वाचून घेतलं. "हा कोन? हा काय वाजवे?" असं तासभर चाललं. मग खुर्चीत बसले आणि म्हणाले, "यायचे मेलेले मानसं भिंतीवर वाजवून राहिले. आपल्या इकडं जित्ता मानूस बी नाही दिसत."

त्यानंतर जेवायला बसलो. गावचा सरपंच म्हणावा असा माणूस त्यांच्या शेजारी बसला. आपल्या नऊ जणांपैकी तिघं आधी उभेच होते. लग्नात त्यांची पंगत शेवटी आणि मांडवाबाहेर असते ना, त्यांना वाटलं आपलं नंतर असेल.

आता एक काम सांगते. दुकानाच्या माळ्यावर सुरुवातीपासूनचे निगेटिव्ह आहेत. नवरंगनं वाजवलेली निदान शंभर लग्नं तुम्ही काढली असतील. त्यांत धम्मानंद शोधा. पूर्ण नसतील तर अर्धे शोधा. तरुणपणचा एक तरी चेहरा मिळाला तर मला हवाय.

आणखी एक भानगड झालीये. अमोलनं खोकं मागवलंय, त्यात नऊ जरीचे फेटे, मोत्यांच्या माळा आणि चिकटवायच्या मिशा आहेत. म्हणे पुढच्या गावापासून हे 'महाराजांचा बँड' म्हणून वाजवतील आणि प्रदर्शनातही तेच फोटो लागतील. नावं नकोत, खाली फक्त 'भारतीय वादक' लिहायचं. धम्मानंदांनी मिशी हातात धरून उलटीसुलटी पाहिली आणि म्हणाले, "आमी कोराडीचे. कोराडीत कोनता राजा होता गा?" अमोलला त्यात विनोद वाटला. तो विनोद नव्हता.

नूपुर


२८ जुलै २०२५

चि. नूपुर,

माळ्यावर चाळीस वर्षांचे डबे आहेत. त्यांत बँडवाले शोधत बसायला मी रिकामा नाही. गुडघे धड नाहीत आणि शिडीला एक पायरी नाही.

फेट्याचं म्हणशील तर घालावा. आपण नवरदेवालाही घालतोच, तोही कुठे राजा असतो. ज्यानं परदेशी नेलं त्याचं ऐकावं. तू फोटो काढायला गेलीयेस, पंचायत भरवायला नाही. उद्या नागपुरात परत यायचं आहे, लग्नंच काढायची आहेत.

तुझ्या बँडमास्तरांना सांग, हट्ट धरून फोटो चांगला येत नसतो. वाजवताना डावा खांदा कानापर्यंत उचलतात ते आधी बंद करायला हवं. तेव्हाही हेच करायचे.

गुडघ्याला तेल लावून झोपतो.

वसंतकाका


३ ऑगस्ट २०२५

ती. काका,

डावा खांदा ते खरंच उचलतात. अगदी कानापर्यंत. पण हे तुम्हाला कसं माहीत? मी पाठवलेल्या एकाही फोटोत त्यांचा खांदा नाही, आणि तुम्हाला तर ते आठवतही नव्हते. म्हणजे ओळखता. ओळखून नाही म्हणालात. बँडवाल्याशी ओळख सांगायची लाज वाटली असेल, तर ती तुमच्यापाशी ठेवा. मला पटलेलं नाही आणि मी ते गोड शब्दांत लिहिणार नाही.

आता इथली हकिकत. परवा संध्याकाळची मिरवणूक होती. अमोलनं फेटे वाटले. धम्मानंदांनी सगळ्यांचे गोळा केले, नीट घड्या घातल्या, खोक्यात भरले आणि खोकं अमोलच्या हातात दिलं. मग नऊही जण खोलीत गेले आणि आपला रोजचा लाल कोट घालून आले. तोच, ज्याच्या छातीवर पिवळ्या दोऱ्यानं 'नवरंग बँड, कोराडी' शिवलंय. काखेत उसवलेला, एक बटण नसलेला. अमोल म्हणाला, पुढच्या वर्षी तुम्हाला नेणार नाही. धम्मानंद म्हणाले, "नका नेऊ. यंदा आलो तं वाजवू द्या."

मग अमोल माझ्याकडे वळला. फेट्याचे फोटो नसतील तर नागपुरचं प्रदर्शन रद्द, म्हणाला. मी म्हटलं, रद्द कर. फेटे कुणी घातलेच नाहीत, तर फोटो कुठून आणू.

आणि मग काका, मी काय केलं ते ऐका. नवरी मांडवात येताना आपण तिच्यापुढे उलटे चालतो ना, पाठीमागचं न पाहता, पावलानं जमीन चाचपत? मी तशी नवरंग बँडपुढे उलटी चालले. चर्चपासून नदीपर्यंतचा पूर्ण रस्ता. दगडी फरशी, उतार, एकदा एका कुत्र्यावर बसता बसता वाचले. लोक डावीकडे नाचत होते, उजवीकडे नाचत होते, मी एकदाही तिकडे कॅमेरा वळवला नाही. हात ओढत होता. चौदा वर्षांची सवय ती. मी नाही वळवला, नऊही जणांचा एकेक करून फोटो घेतला.

फोटो मिळालाय. गाल फुगलेले, डावा खांदा कानापाशी, कपाळावर घाम, आणि डोळे सरळ माझ्यावर. तुमच्या नियमाप्रमाणे त्यात सगळंच चुकलंय. पाठवत नाहीये. माळ्यावर चढाल तेव्हा पाठवेन.

नूपुर


१३ ऑगस्ट २०२५

चि. नूपुर,

दहा दिवस लिहिलं नाही. शिडीला पायरी बसवून घेतली आणि माळ्यावर चढलो. काकू खाली उभी राहून रोज ओरडत होती.

एकशे बारा लग्नं पाहिली, निगेटिव्ह उजेडाला धरून, भिंग लावून. बारा-तेरा ठिकाणी लाल कोटाची बाही मिळाली. ट्रम्पेटचं तोंड सात ठिकाणी. एक कान आहे, पण तो त्यांचाच असं सांगता येत नाही. चेहरा एकही नाही. मी फार नीटनेटकं काम करत होतो.

आता जे लिहितो ते आधीच लिहायला हवं होतं. मी त्यांना ओळखतो. आणि मी त्यांचा शोध घेत होतो तेव्हा मला माहीत होतं, की काही मिळणार नाही.

शहाण्णव सालचा मे महिना. नागपुरात महाल भागातलं एक लग्न. वरात दारात पोचली, नवरदेव उतरायला वेळ होता. हा धम्मानंद, तेव्हा तिशीच्या आत असेल, माझ्यापुढे येऊन उभा राहिला. ट्रम्पेट ओठाला लावलं, खांदा वर केला आणि म्हणाला, "साहेब, माहा एक काढा ना." वरातीत 'माझा एक, माझा एक' म्हणणारे पुष्कळ असायचे आणि रोल छत्तिसांचा. त्यावर आम्हा सगळ्या फोटोवाल्यांची एक युक्ती होती. फ्लॅशच्या मागे तपासणीचं लहान बटण असतं. ते दाबलं की लख्ख उजेड पडतो, कॅमेरा मात्र चालत नाही. समोरच्याला वाटतं, फोटो निघाला. आम्ही त्याला कोरा फ्लॅश म्हणायचो आणि आपसात हसायचो. तुला मी हे कधी शिकवलं नाही, कारण तुझ्या वेळेला रोल उरले नव्हते.

मी त्याला कोरा फ्लॅश मारला. तो हसला, म्हणाला, मेहेरबानी.

तो दुकानात तीनदा आला. कोराडीहून बसनं. पहिल्यांदा मी सांगितलं, धुवायला गेलाय. दुसऱ्यांदा म्हटलं, पुढच्या आठवड्यात ये. तिसऱ्यांदा रोल खराब झाला म्हणालो. तुझ्या पहिल्या पत्रात ते वाक्य वाचलं तेव्हा मी कॉम्प्युटर बंद केला होता. अर्ध्यात. तुला खोटं लिहिलं की पूर्ण वाचलं.

नियम, रीत, धंदा, हे सगळं खरं आहे. पण हे त्यात बसत नाही. हे नुसतं खोटं होतं.

माळ्यावर चढलो आहे. फोटो पाठव.

वसंतकाका


१४ ऑगस्ट २०२५

ती. काका,

फोटो पाठवला आहे.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. राग आला, मग रडू आलं, मग पुन्हा राग आला. सध्या रागावर थांबलेय. पण तुम्ही लिहिलंत, ते माझ्या ओळखीतल्या कुठल्याही फोटोवाल्यानं लिहिलं नसतं, हेही मला कळतं.

धम्मानंदांना मी काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. ते तुमचं काम आहे. गणपती जवळ आलेत म्हणून बँड उद्या निघतोय, परवा कोराडीत पोचेल. मी मात्र महिनाभर इथेच राहतेय. गावच्या बँडला त्यांच्या यंदाच्या वादकांचे फोटो माझ्याकडून काढून घ्यायचे आहेत, नावांसकट.

अमोलनं प्रदर्शन रद्द केल्याचं लेखी कळवलंय. फोटो माझे आहेत, त्याचं उत्तर मी त्याला लेखीच दिलं. नागपुरात एकही हॉल मिळाला नाही तर सीताबर्डीच्या फुटपाथवर, चड्डी-बनियनच्या गाड्यांमध्ये दोरी बांधून लावीन. तुमच्या दुकानासमोरच.

नूपुर


२३ ऑगस्ट २०२५

चि. नूपुरला अनेक आशीर्वाद.

फुटपाथवर दोरी बांधायची गरज नाही. दुकानाच्या दर्शनी काचेत कायम पाच नवऱ्या असतात, तुला माहीतच आहे. त्यातली मधली, ती पैठणीतली, उतरवली आणि तिथे तुझा फोटो मोठा करून लावला. काकू म्हणाली, लग्नाची गिऱ्हाइकं पळतील. म्हटलं, पळू दे. एक आलं होतं, मुलीच्या लग्नाचं बुकिंग करायला. काचेकडे बोट दाखवून विचारलं, "हे काय लावलं हो?" मी म्हटलं, बँडमास्तर आहेत, धम्मानंद नाव त्यांचं, तुमच्या लग्नात वाजवतील तर अल्बममध्ये असेच येतील, चालत असेल तर तारीख लिहितो. ते विचार करून सांगतो म्हणाले. अजून विचार करतायत.

कोराडीला मी स्वतः गेलो. बसनं. घर सापडायला वेळ लागला नाही, बँड वाजत होता. त्यांना म्हटलं, दुकानात या, काही दाखवायचं आणि सांगायचं आहे. काल आले. सोबत कुणी नव्हतं.

काच दाखवायच्या आधी मी सांगून टाकलं. महालातलं लग्न, बटण, कोरा फ्लॅश, तिन्ही खोटी उत्तरं. मान खाली घालून सांगितलं, कारण वर बघवत नव्हतं.

ते म्हणाले, "माहीत होतं मले."

मी विचारलं, कधीपासून?

"तवाच. साहेब, फोटो निघते तवा कॅमेरा खट् वाजते. मंग तुमी बोटानं रोल फिरवता, कर्र करते. त्या दिवशी उजेड पडला, पन वाजलं काहीच नाही. मी वाजवनारा मानूस. कानावरच पोट आहे माह्यं."

मग तीनदा कशाला आलात, असं मी विचारलं. नूपुर, हे उत्तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. "पाहाले आलो, का साहेब खरं सांगते का. तिसऱ्या डाव बी नाही सांगतलं, मंग नाही आलो."

आज एकोणतीस वर्षांनी सांगतलं, असं मी म्हणालो. त्यांच्याच भाषेत निघून गेलं तोंडातून. ते हसले नाहीत. माफ केलं असंही म्हणाले नाहीत, आणि मी माफी मागितली तेव्हा मान हलवून ऐकून घेतलं एवढंच.

मग बाहेर जाऊन काचेपुढे उभे राहिले. मीही गेलो. व्हरायटी चौकाकडून येणारी सगळी गर्दी आमच्या दोघांच्या पाठीमागून जात होती. बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुमी चुकले म्हनून लावला का?"

मी तोंड उघडायच्या आत तेच पुढे म्हणाले,

"चुकले म्हनून लावला असन तं काढा. चांगला असन तं ठेवा."

मी पुन्हा फोटोकडे पाहिलं, या वेळी धंद्याच्या नजरेनं, जसा चाळीस वर्षं दुसऱ्यांचा पाहिला तसा. उजेड तिरपा आलाय. खांदा वर गेलाय म्हणूनच सूर वर जातोय हे कळतं. गाल, घाम, सगळं जागच्या जागी आहे. उलटं चालताना काढलाय आणि कुठेही हललेला नाही. म्हटलं, चांगला आहे. या काचेत आजवर लागलेल्या सगळ्यांत चांगला आहे. माझ्या हातून असा एक निघालेला नाही.

"मंग ठेवा," म्हणाले. "पन बाकीचे आठ कुठी आहेत?"

मी म्हटलं, सध्या हा एकच मागवला.

"नवरंग काय एकट्याचा आहे? ढोलवाला नसन तं मी कायले वाजवीन. आठ लावा, नाही तं हा बी काढा. आन् खाली नावं पाह्यजे, आडनावासकट."

एवढं बोलून ते बर्डीच्या गर्दीत निघून गेले. रात्री त्यांच्याकडून कागद आला, आठ नावं आणि आठ वाद्यं, स्वच्छ अक्षरात.

उरलेल्या चारही नवऱ्या मी आज सकाळी उतरवल्या आहेत. काकूनं स्वतः काच पुसून दिली. तेव्हा आठही जणांचे फोटो आजच पाठव, आणि कुणाचंही कोपर कापू नकोस.

वसंतकाका